आधी यजमानाने बोलायचं

खेमगड मी कधीच पाहिलं नाही. पण तिथल्या दरबारात शिरताना उजव्या हाताला मानकऱ्यांच्या किती बैठका होत्या, दसऱ्याला आपट्याच्या ढिगाला पहिली तलवार कोण लावायचं, गादीपुढच्या समईचं तेल कोणत्या गावाहून यायचं, हे सगळं मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ होतं. सह्याद्रीच्या पोटातलं एवढंसं मराठा संस्थान. देश स्वतंत्र झाल्यावर ते विलीन झालं आणि नकाशावरून गेलं. काशीत ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या आमच्या घरात मात्र ते रोज सकाळी जागं व्हायचं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, खेमगडच्या राजघराण्याचे तीर्थोपाध्याय होते. त्यांचे वडील तेच, आजोबा तेच. संस्थानातून जो कोणी यात्रेला यायचा, राजा असो की पालखीचा भोई, तो आमच्याकडे उतरायचा, गंगेवर पितरांचं कार्य करायचा आणि जाण्याआधी आमच्या वहीत आपल्या हाताने आपलं कूळ लिहायचा.

ही वही म्हणजे लांबट कागदांची जाड चळत होती. लाल खारव्यात गुंडाळून ती देवघराखालच्या लाकडी पेटीत ठेवलेली असे. पेटी उघडली की कापूर आणि ओल यांचा मिसळलेला वास यायचा, आणि तो वास आला की आई ओट्यापाशी असली तरी आवाज खाली आणायची. वहीचा नियम एकच होता. आधी यजमानाने बोलायचं, मग वहीने. आलेल्या माणसाने आपलं गाव, कूळ, वडील, आजोबा, पणजोबा, जेवढं ठाऊक असेल तेवढं स्वतः सांगायचं. अण्णा मांडीवर वही घेऊन नुसतं बोट फिरवत ऐकायचे. सांगितलेलं लिहिलेल्याशी जुळलं, तरच ते तोंड उघडून पुढचं वाचायचे. मग तो माणूस आपल्या खापरपणजोबांचं अक्षर पाहून रडायचा. मी लहान होते तेव्हा मला तो खेळ वाटायचा. एकदा मी विचारलं, की आपणच आधी वाचून दाखवलं तर बिचाऱ्यांना आठवायचा त्रास नाही पडणार. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "वहीने आधी तोंड उघडलं, की कुणीही कुणाचाही नातू होऊ शकतो."

मी त्यांची एकुलती मुलगी. सकाळी रिक्षाने छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये जायचे, संध्याकाळी अण्णांपुढे बसून मोडी गिरवायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. त्यामुळे मी कॉलेजात गेले तोवर वही माझ्या हातात आली होती. यजमान बोलायचा, मी बोट फिरवायचे, अण्णा ऐकायचे. मला ते सोयीचं होतं, कारण त्यात बोलावं लागत नसे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हींत मी गप्प. आई म्हणायची, "या मुलीला बोलायला लावायचं तर तिकीट लावावं लागेल." आता मी पन्नाशी ओलांडली आहे, वर्गात दिवसाचे पाच तास बोलते, पण कुणी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं की अजून हाताला घाम फुटतो. त्याचं कारण या प्रकरणात आहे.

आमच्या गल्लीला स्वतःचे आवाज होते. पहाटे वेदपाठशाळेतल्या मुलांचं घोकणं, मग दूधवाल्याच्या किटल्या, मग पत्र्यावरून धावणारी माकडं, आणि या सगळ्याखाली नदीचा एकसारखा, लक्ष दिलं तरच ऐकू येणारा आवाज. खेमगडच्या राजाने घाटावर बांधलेलं रामाचं छोटं देऊळ आमच्याकडे होतं. दसऱ्याला अण्णा तिथे चोपदाराची चांदीच्या मुठीची काठी घेऊन उभे राहायचे आणि नदीकडे तोंड करून ललकारी द्यायचे, "आस्ते कदम, निगाह रखो, महाराज." समोर महाराज नसायचे. एखादी नाव असायची, आणि तिच्यातला मल्लाह ओरडायचा, "गुरुजी, महाराज आज भी लेट हैं?" घाटावर हशा पिकायचा. अण्णाही हसायचे, पण काठी तीनदा आपटून झाल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत.

त्याच सुमाराला खेमगडहून एक पाकीट यायचं. त्यात आपट्याची पानं आणि राणीसाहेबांचं चार ओळींचं पत्र. त्या घराण्याच्या त्या शेवटच्या. पती गेलेले, मूलबाळ नाही. जुन्या राजवाड्याच्या दोन खोल्यांत राहून रिकाम्या गादीपुढे रोज संध्याकाळी समई लावायच्या. राज्य गेलं तरी घराण्यातल्याच माणसाने तो दिवा लावायचा, अशी रीत होती. पत्राचा शेवट दरवर्षी सारखा असे: "काशीस यावे असे फार मनात आहे. परंतु दिव्याला माणूस नाही. चि. मंजूस आशीर्वाद." मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी माझं नाव दरवर्षी कुणीतरी शाईने लिहितं, याचं मला फार अप्रूप होतं. ती पानं मी पुस्तकांत ठेवायचे. काळी पडली तरी टाकायचे नाही.

पाटणे नावाचा माणूस आमच्याकडे आला तो भाद्रपदात. त्या वर्षी नदी फार चढली होती. घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या, रामाच्या देवळाचा नुसता कळस पाण्याबाहेर होता आणि लोक पितृपक्षातली कार्यं गल्लीच्या तोंडाशी बसून करत होते. अण्णा सकाळी जायचे ते दिवस कलल्यावर परतायचे. पाटणे पहिल्या दिवशी ते घरी असतानाच आला. चाळिशीचा, सफारी घातलेला, आवाज मऊ. म्हणाला, मी खेमगडचा इतिहास आणि संस्कृती यांवर पुस्तक लिहितोय. अण्णांना जन्मात कुणी एवढा मोठा आनंद दिला नसेल. दसऱ्याची मिरवणूक, मुजऱ्याचे प्रकार, होळीला मानकऱ्यांच्या घरून येणारी पहिली पोळी, सगळं त्यांनी त्याला दोन तास सांगितलं. तो लिहून घेत होता. शेवटी त्याने वहीबद्दल विचारलं. अण्णा म्हणाले, "ती यजमानांची. त्यांनी मागितली तर उघडते." "अर्थात," पाटणे म्हणाला आणि आपली टिपणवही मिटून खिशाला पेन लावलं. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी यायला लागला. अण्णा नसताना. कधी एखादी तारीख नीट करायची असायची, कधी एखादं आडनाव. आई त्याला पाण्याचा पेला पुढे करायची आणि तो "नंतर" म्हणून बाजूला ठेवायचा. पेला तसाच भरलेला आत जायचा. "माणूस पाणी पीत नाही गं आपल्या घरचं," आई मला म्हणाली. "आणि इतके दिवस झाले, काशीत आलाय, पण गंगेचं नाव काढलं नाही त्याने. पुस्तकवाले असेच असतात का?" मी म्हटलं, असतील. जिन्याची तिसरी पायरी करकरायची. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पहिले काही दिवस तिच्यावर पाय देऊन दचकायचा. हा तिसऱ्या खेपेपासून ती ओलांडूनच चढायला लागला. तो आला आहे हे मला तो दारात उभा राहिल्यावर कळायचं.

तो माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. माझ्या शाळेतल्या नन्स बोलायच्या तसं, हळू, पूर्ण वाक्यांत. मला उत्तर सुचेपर्यंत थांबायचा. असं माझ्यासाठी थांबणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. मी काय वाचते, मोडी कशी शिकले, हे त्याने विचारलं. "काशीत तीन लिपी आणि तीन भाषा येणारी मुलगी, आणि कुणाला माहीतही नाही," तो म्हणाला. माझे कान तापले. आई आत डाळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता. मग तो खिडकीतून पुराच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "आबासाहेबांना माझ्या पुस्तकात दोन ओळी मिळतील. काशीला गेले, तिथेच वारले. बस. एखादा माणूस होता की नव्हता, इतपतच राहतो शेवटी." त्याने काहीही मागितलं नाही, हे मला आजही नीट आठवतं.

आबासाहेब म्हणजे खेमगडच्या थोरल्या राजांचे धाकटे भाऊ. भावाशी भांडून ते काशीला आले आणि इथेच गेले. अण्णांच्या दृष्टीने वहीतली ती एकच रेघ अर्धवट होती. आबासाहेबांना काशीत मुलगा झाला एवढं लिहिलं होतं, पुढे त्या मुलाचं काय झालं ते कुणाला ठाऊक नव्हतं. "कधीतरी येईल कुणीतरी," अण्णा म्हणायचे.

मी उठले आणि पेटी उघडली. कापराचा वास आला. आतला सुपाचा आवाज थांबला, पण आई बाहेर आली नाही. आजही मला वाटतं, ती आली असती तर. पण असं वाटून घेणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देणं आहे. मी पान काढलं आणि वाचायला लागले. "मी खेमगडकर आबासाहेब, बिन जयवंतराव, बिन हैबतराव, काशीवासास आलो. वाटेत मिर्झापुरी घोडी आजारी पडोन चार दिवस मुकाम जाहला." इथे आम्ही दोघंही हसलो. सत्तर वर्षं वहीत बसलेली ती आजारी घोडी. "सोबत खिदमतगार दोन," मी वाचलं, आणि पुढच्या शब्दापाशी माझी जीभ अडली. तिथे लिहिलं होतं, नाटकशाळा चंद्राबाई. राजघराण्यात लग्नाशिवाय ठेवलेल्या बाईला नाटकशाळा म्हणत. तो शब्द, दुपारच्या वेळी, एका परक्या पुरुषापुढे मी उच्चारू शकले नाही. मी श्वास घेतला आणि पुढे वाचलं, "येथे पुत्र जाहला, नाव वसंतराव." पाटणेची वही त्याच्या गुडघ्यावर होती, पण तो लिहीत नव्हता. नुसता ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने आईने ठेवलेला पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

तो पुन्हा आला नाही. पूर ओसरला, पायऱ्यांवर गुडघाभर गाळ राहिला, महिनाभर गल्लीला त्याचा वास होता. दसऱ्याला पाकीट आलं, पानं आली, "दिव्याला माणूस नाही" आलं. अण्णांनी मला विचारलं, त्या पुस्तकवाल्याचं काही पत्र? मी नाही म्हटलं. पेटी उघडल्याचं मी सांगितलं नाही. आईनेही नाही.

माघात एका सकाळी प्रतापराव नावाचे गृहस्थ आले. आईने वाटलेल्या मटारचा इकडचा रस्सा, निमोना, केला होता, गोडा मसाला घातलेला, तो आमच्याच घरी मिळेल. सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावरून मलइयोची, म्हणजे दुधाच्या गोड फेसाची, कुल्हडं आणली होती आणि अण्णा मिशीला लागलेला फेस पुसत होते, म्हणून ती सकाळ इतकी स्वच्छ आठवते. प्रतापराव पन्नाशीचे असतील. बंद गळ्याचा कोट, ओले केस, गंगेत बुडी मारूनच आले होते. त्यांनी अण्णांचे पाय धरले, आईने दिलेलं पाणी लगेच प्यायले आणि म्हणाले, "मी खेमगडच्या आबासाहेबांचा नातू." अण्णांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी मला खूण केली. मी वही आणली.

"बोला," अण्णा म्हणाले.

ते बोलू लागले. आबासाहेब बिन जयवंतराव बिन हैबतराव. माझं बोट अक्षरांवरून सरकत होतं आणि त्यांचा आवाज बोटाच्या पावलावर पाऊल टाकत येत होता. "वडील सांगायचे, मिर्झापूरला आजोबांची घोडी आजारी पडली. चार दिवस अडकले." अण्णांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. घरातल्या माणसाशिवाय घोडी कुणाला ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. मी आणि आणखी एकजण त्या घोडीवर हसलो होतो.

"सोबत कोण होतं?" अण्णांनी विचारलं.

"खिदमतगार दोन."

"आणखी?"

माझं बोट चंद्राबाईंच्या नावावर होतं. प्रतापराव गप्प झाले. त्यांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग मान खाली घातली. खोलीत फक्त माकडांचा पत्र्यावरचा आवाज येत होता. अण्णा थांबले. ते नेहमीच थांबायचे, यजमानाला आठवायला वेळ द्यायचे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की अण्णा, जरा आत या. चार शब्द. मी ते मनात तीनदा जुळवले.

"असू द्या," अण्णाच म्हणाले, अगदी मायेने. "आपल्या आजीचं नाव अशा रीतीने घ्यायचं म्हणजे माणसाला संकोच वाटतो. त्यात तुमचा काय दोष."

"घरात ते कुणी बोलत नसे," प्रतापराव म्हणाले. मान वर न करता.

मग त्यांनी वसंतरावांचं नाव सांगितलं, वहीत आपला लेख लिहिला, अण्णांनी मला पुढचं सगळं वाचून दाखवायला लावलं आणि प्रतापराव रीतसर रडले. निमोना त्यांनी दोनदा मागून घेतला. "चवीला आपल्याकडचाच आहे," म्हणाले. जेवणानंतर सहज बोलल्यासारखं सांगितलं, की घराण्याच्या मालमत्तेचा एक जुना दावा आहे, त्यात वारस म्हणून नाव लावायचं, तर वहीचा दाखला मिळाला तर बरं होईल. अण्णांनी त्याच दुपारी दाखला लिहवून घेतला. अक्षर माझं, खाली संस्थानाने आमच्या पूर्वजांना दिलेला शिक्का. तो शिक्का उमटवताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला मी आजवर दुसरं नाव शोधलेलं नाही. सुखच होतं ते. "तुटलेली रेघ जुळली गं, मंजू," ते मला म्हणाले. "माझ्या हयातीत जुळली."

त्यानंतरचे महिने कसे गेले हे सांगणं कठीण आहे, कारण काहीच झालं नाही. मी परीक्षा दिली. उन्हाळ्यात लंगडा आंबा आला, गल्लीत वीज गेली की सगळे गच्चीवर जायचे. मी रोज पेटीवरची धूळ पुसायचे. जिन्याची तिसरी पायरी करकरली नाही आणि तरी कुणी दारात उभं असल्यासारखं वाटलं, तर मी आधी मान वळवायचे नाही. दसरा आला आणि खेमगडचं पाकीट आलं नाही. अण्णांनी पोस्टमनला दोनदा विचारलं. घाटावर त्यांनी काठी उचलली, "आस्ते कदम" म्हटलं आणि पुढचं त्यांना आठवेना. मल्लाहाने त्या दिवशी काही थट्टा केली नाही.

राणीसाहेब कार्तिकात आल्या. दिवस मावळत होता. घाटावर बांबूच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढवायला सुरुवात झाली होती. हमालाच्या डोक्यावर एक ट्रंक, मागे त्या. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, अंगाने इतक्या लहान की मला आधी वाटलं कुणी शेजारीणच आली. अण्णांना चेहरा दिसत नव्हता. त्यांनी बोलण्याच्या धाटणीवरून ओळखलं की नाव ऐकलं, ठाऊक नाही, पण ते भिंतीला धरून उभे राहिले आणि पहिलं विचारलं ते एवढंच, "राणीसाहेब, दिवा?"

"आधी आम्ही बोलायचं असतं ना, अण्णा?" त्या म्हणाल्या. "रीत तुमचीच आहे. वही काढा."

मी वही काढली. त्यांनी पाटावर बसून गाव सांगितलं, सासरे सांगितले, पती सांगितले, आणि "अपत्य नाही" हे सांगताना आवाज जराही हलला नाही. सगळं जुळलं. मग म्हणाल्या, "दिवा त्या प्रतापरावाच्या माणसांनी विझवला. वारस आला आहे, आता तो लावील म्हणाले. खोल्यांना कुलपं घातली. आम्ही विचारलं, कुणी ओळखलं याला? तर त्यांनी कागद दाखवला. शिक्का तुमचा होता." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आम्ही भांडायला आलो नाही. वहीत काय आहे ते आम्हाला ऐकायचं आहे."

"वाच, मंजू," अण्णा म्हणाले. "आबासाहेबांचा लेख. सगळा."

मी वाचलं. जयवंतराव, हैबतराव, मिर्झापूर, घोडी. "सोबत खिदमतगार दोन," आणि मी थांबले. त्याच जागी. जिभेला ती सवय एका दुपारीच लागली होती. फार तर दोन श्वासांचा तो खंड असेल. अण्णांनी मान वळवली आणि आपले ढगाळलेले डोळे माझ्या दिशेला लावले. त्यांना दिसत काही नव्हतं, पण माझ्या वाचण्यातला प्रत्येक श्वास त्यांनीच शिकवलेला होता. प्रतापरावही नेमके इथेच अडले होते. त्या क्षणी त्यांना कळलं. मी पुढे वाचलं, "नाटकशाळा चंद्राबाई."

"चंद्रा नाव होतं होय तिचं?" राणीसाहेब म्हणाल्या. "आमच्याकडे कुणी कधी सांगितलं नाही."

अण्णांनी हात पुढे केला. मी पेन दिलं. प्रतापरावांच्या लेखाखाली, चाचपडत, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: ओळख चुकली. चूक माझी. आमच्या कोणत्याही पूर्वजाने त्या वहीत स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मला ते काहीच बोलले नाहीत. त्या संध्याकाळी नाही, नंतर कधीच नाही.

पुढच्या महिन्यात ते खेमगडच्या बाजूला गेले, आयुष्यात पहिल्यांदा, कोर्टात सांगायला. आईने दशम्या बांधून दिल्या. मी स्टेशनपर्यंत गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीच्या गजांवर हात ठेवला. मीही सोबत येते म्हणायची ती जागा होती. मी म्हटलं नाही, आणि गाडी हलली तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहायला मला तीस वर्षं लागली. कोर्टात समोरच्या वकिलाने त्यांना विचारलं, की नातू नसेल तर त्याला वहीतलं कसं कळलं? अण्णा गप्प राहिले. मग वकिलाने विचारलं, की ही एक ओळख चुकली म्हणता, तर बाकीच्या किती चुकल्या असतील? त्यालाही ते गप्प राहिले. माझं नाव घेतलं असतं तर कदाचित त्यांच्या बोलण्याला वजन आलं असतं. ते परत आले, लाल खारवा घट्ट बांधला आणि त्यानंतर कुठल्याही यजमानासाठी वही उघडली नाही. दावा चालूच राहिला. अजून चालू असेल तर मला माहीत नाही.

राणीसाहेबांनी त्याच कार्तिकात रामघाटाच्या वर एक खोली घेतली होती. खिडकीतून नदी दिसायची. कोपऱ्यात त्यांनी एक रिकामा पाट मांडला आणि त्याच्यापुढे पितळेची समई. त्यांचे हात कापायचे, म्हणून आईने मला पाठवलं, "जा, वात लावून ये रोज." मी जायचे, माचिस ओढायचे, वात लावायचे आणि निघायचे. त्या काही विचारायच्या नाहीत. खिडकीबाहेर आकाशदिवे वाऱ्याने हलत असायचे, त्यांच्याकडे बघत बसायच्या. असे सात-आठ दिवस गेले असतील. एके संध्याकाळी मी दाराशी पोचले, तेव्हा त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आम्ही आमचं सगळं सांगितलं त्या दिवशी. आता तू बोल."

मी दाराची कडी धरून उभी राहिले. मग सांगितलं. पाटणे, त्याचं इंग्रजी, पेटी, घोडी, न उच्चारलेला शब्द, माघातली ती सकाळ आणि मनात तीनदा जुळवलेलं वाक्य. एवढं सलग मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते. मधेच वात काजळली, ती त्यांनीच कापऱ्या हाताने सारखी केली.

"म्हणजे ते नाव तू त्याला दिलं नव्हतंस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग तेवढं एकच माणूस आमच्या बाजूने उभं होतं त्या खोलीत. चंद्राबाई. ती अडवून उभी होती त्याला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आणि तुझं बोट तिच्यावर होतं."

खाली घाटावर कुणीतरी दोरी सैल करून एक दिवा उतरवत होतं, त्याची टोपली बांबूला लागून टकटक वाजत होती.

"उद्यापासून वात लावताना तिचं नाव घेत जा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. आम्हाला ऐकू आलं पाहिजे."

दोन वर्षं मी रोज ते नाव घेतलं. तिसऱ्या कार्तिकात त्या गेल्या. अण्णांनी त्यांचं सगळं केलं, तर्पणाची नावं त्यांना पाठ होती. वही आता माझ्याकडे आहे, भोपाळच्या फ्लॅटमध्ये, स्टीलच्या कपाटात. कापूर मी दर सहा महिन्यांनी बदलते. खेमगडहून कुणी येत नाही. कार्तिकात मी बाल्कनीत दिवा लावते आणि चंद्राबाई म्हणते, शेजारच्या गॅलरीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. शेजारीण एकदा म्हणाली, तुमच्या आजी का? मी म्हटलं, नाही. आणि मग, तिने विचारलं नसतानाही, बाकीचं सांगितलं.